शेवटचा नट जमिनीवर

सस्पेन्शनचे बुश बदलायचं काम निघालं की गिऱ्हाईक मालाच्या किमतीवर अडत नाही, मजुरीवर अडतं. रबर आणि लोखंडाचा मुठीत मावणारा तुकडा; जुन्या मारुती 800चा असेल तर पुढच्या दोन्ही बाजूंचा सगळा संच काही शे रुपयांत येतो. मग तो बसवायला अख्खा दिवस का जातो आणि त्या दिवसाचे पैसे मालापेक्षा जास्त का, हे समजावता समजावता माझा चहा गार होतो. तेच गिऱ्हाईक शॉकअपची जोडी बदलू म्हटलं तर मुकाट्याने मान डोलावतं. शॉकअप डोळ्यांना दिसतो, हातात घेतला तर वजन लागतं, खोक्यातून चकचकीत बाहेर येतो. बुश बिचारा खाली चिखलात, आर्मच्या टोकात दडलेला. त्यामुळे आमच्या धंद्यालाही एक वाईट खोड लागली आहे. खालून आवाज आला की आधी शॉकअप, मग स्ट्रट माउंट, मग लिंक, आणि गिऱ्हाईक तरीही परत आलंच तर बुश.

माझं गॅरेज कोल्हापुरात, उद्यमनगरच्या अंगाला. गाड्या येतात त्या शहरातल्या कमी आणि पश्चिमेकडच्या जास्त: पन्हाळा, शाहूवाडी, राधानगरी, गगनबावडा. तिकडचा पाऊस, घाटाची वळणं, हंगामात उसाच्या ट्रॉल्यांनी उखडलेल्या रस्त्याच्या कडा आणि प्रत्येक गावाच्या वेशीवर गावकऱ्यांनी आपल्या मापाने घातलेला गतिरोधक. गाडीच्या खालच्या कामाला याहून मोठी परीक्षा नाही.

गगनबावड्याकडचे एक निवृत्त गुरुजी त्यांची 800 घेऊन आले ती अशीच बऱ्याच हातांखालून गेलेली गाडी होती. पंधरा वर्षांनंतरचं पासिंग केव्हाच झालेलं, पत्रा मात्र ठणठणीत. तक्रार तीन वाक्यांत सांगितली. घाटात ब्रेक लावला की खालून टक् होतं. ब्रेक लावला की गाडी उजवीकडे जाते. आणि वळण संपलं तरी स्टेअरिंग आपणहून सरळ होत नाही, हाताने आणावं लागतं. त्याआधी एका गॅरेजात पुढचे शॉकअप बदलून झाले होते, दुसरीकडे ब्रेकचे पॅड, आणि अलाइनमेंट तर इतक्यांदा की त्या पावत्यांची त्यांनी वेगळी फाइल केली होती. गुरुजीच ते.

"गुरुजी, आधी गाडी मी चालवून बघतो. तुम्ही शेजारी बसा."

"बसतो की. पण मिस्त्री, शॉकअप सोडून दुसरं काही सांगा."

पुढचं कळायला बुश काम कसं करतो ते आधी सांगायला हवं. आत एक लोखंडी नळी, बाहेर दुसरी, दोन्हींच्या मध्ये रबर. बाहेरची नळी आर्मच्या भोकात ठोकून घट्ट बसवलेली, आतल्या नळीतून बोल्ट गेलेला आणि तो बॉडीच्या ब्रॅकेटला आवळलेला. चाक वर-खाली होतं तेव्हा आर्म त्या बोल्टाभोवती हलतो, पण तिथे काहीच सरकत नाही की घासत नाही. रबर पिळतं आणि मोकळं होऊन परत जागेवर येतं. म्हणून इथे ग्रीसचं काम नाही. आवाज येतो म्हणून बुशवर इंजिन ऑइल सोडणारे, ग्रीस चोपडणारे मी पुष्कळ पाहिलेत. दोन दिवस आवाज थांबतो. मग तेल रबरात मुरतं, रबर फुगतं, मऊ पडतं आणि उरलेलं आयुष्य निम्म्यात संपतं.

800च्या पुढच्या चाकांची बांधणी समजून घेतली की गुरुजींच्या तिन्ही तक्रारी एकाच ठिकाणी बोट दाखवतात. चाकाला खालून धरणारा आर्म तिथे सडपातळ असतो, आतल्या टोकाला एकाच बुशवर टेकलेला. तो चाकाला आत-बाहेर जाऊ देत नाही. पण मागे-पुढे? ते तो एकटा अडवू शकत नाही. ते काम स्टॅबिलायझर बार करतो, म्हणजे पुढून आडवी गेलेली वाकवलेली जाड सळी. वळणावर गाडी झुकू नये म्हणून ती असते असं सगळे सांगतात, आणि ते खरंही आहे. पण 800मध्ये तिची दोन टोकं दोन्ही आर्ममधून आरपार जातात. आर्मच्या दोन्ही अंगांना रबर, त्यावर खोलगट वॉशर, शेवटी कॅसल नट आणि स्प्लिट पिन. ब्रेक लागला की चाक मागे ओढलं जातं, आणि त्याला धरून ठेवणारी वस्तू तीच सळी. ही काटकसर मारुतीची नाही, सुझुकीचीही नाही. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन इंजिनिअरच्या मूळ मांडणीतच ती आहे. 1950 साली इंग्लंडात आलेल्या फोर्ड कॉन्सलमध्येही हीच सळी दोन्ही कामं करत होती. भाग कमी लागतात, गाडी हलकी आणि स्वस्त होते. मला ही मांडणी आवडते. फक्त टोकाचं रबर गेलं की दोन कामं एकदम बिघडतात, हे तिच्याकडे बघणाऱ्याला ठाऊक पाहिजे.

गाडी घेऊन आम्ही निघालो. आवाज शोधायला मी चांगला रस्ता घेत नाही आणि फार वाईटही घेत नाही. खड्ड्यात सगळंच वाजतं. फुटलेल्या डांबराची कड, बारीक चढउतार, आणि गाडी दुसऱ्या गिअरला रांगत ठेवायची. रेडिओ बंद, आधी काचा वर, मग खाली. कुंपणाच्या भिंतीलगत गेलं तर आवाज परतून येतो आणि कुठल्या बाजूचा ते लवकर कळतं. सारखी बारीक खडखड असेल तर संशय स्ट्रट माउंटवर किंवा कॅलिपरच्या पिनांवर. स्टेअरिंग हलवताना हातात टकटक जाणवली तर टाय रॉड एंड. कोरड्या दिवसांत कुईकुई आणि पहिल्या पावसात गायब, तर रबर सुकलंय. आणि ब्रेक दाबला की एकच टक्, सोडला की पुन्हा एकच टक्, मधे काही नाही, तर काहीतरी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकून आदळतंय. गुरुजींच्या गाडीत हे शेवटचं होतं. खात्रीसाठी सपाट जागी थांबून पहिला गिअर, थोडं पुढे, ब्रेक. रिव्हर्स, थोडं मागे, ब्रेक. दर वेळी टक्. शॉकअप असा वाजत नाही. तो वर-खाली हलण्याशी बांधलेला, इथे गाडी वर-खाली होतच नव्हती.

गॅरेजात गाडी पिटवर, म्हणजे खाली उतरून काम करायच्या खड्ड्यावर घेतली. आजकाल पोरं लगेच लिफ्टवर चढवतात. लिफ्टवर चाकं लोंबकळतात आणि ढिला पडलेला सांधासुद्धा वजन नसल्यामुळे शहाण्यासारखा गप्प बसतो. वजन चाकांवर असताना बघायचं असेल तर पिटला पर्याय नाही. आमच्या पिटमध्ये जूनपासून पाणी भरतं आणि सकाळचा पहिला अर्धा तास मोटर लावून उपसण्यात जातो, तरी मी तो बुजवलेला नाही.

मी खाली उतरलो, गॅरेजातला पोरगा स्टेअरिंगवर. त्याला सांगितलं, गाडी जागच्या जागी पुढे-मागे झुलव आणि ब्रेक मारत राहा. मी एकेका सांध्यावर बोटं ठेवत गेलो, अर्धं बोट आर्मवर आणि अर्धं ब्रॅकेटवर. डोळ्यांना दिसत नाही एवढी हालचाल बोटाला कळते. मग खडूने आर्मपासून सळीपर्यंत एक सरळ रेघ ओढली. पोराने ब्रेक दाबला आणि उजव्या बाजूची रेघ तुटून दोन तुकडे शेजारी शेजारी उभे राहिले, ब्रेक सोडताच पुन्हा जुळले. डाव्या बाजूला तुटली, पण थोडी. गुरुजींना खाली उतरवणं बरं दिसलं नसतं, म्हणून पोराच्या मोबाइलवर तेवढा व्हिडिओ घेतला आणि दाखवला. मोबाइलचा आमच्या धंद्याला झालेला सगळ्यात मोठा उपयोग हाच. गिऱ्हाइकाचा विश्वास तोंडाने सांगून बसत नाही, दाखवून बसतो.

"म्हणजे चाकच मागं जातंय?"

"जातंय. आणि उजवं जास्त जातंय, म्हणून गाडी उजवीकडं ओढतीय."

स्टेअरिंग परत का येत नाही, त्याचंही कारण तिथेच होतं. पुढचं चाक ज्या रेषेभोवती वळतं ती रेषा वरून थोडी मागे झुकलेली असते. त्या झुकावाला कॅस्टर म्हणतात आणि त्याच्या जोरावर वळण संपताच स्टेअरिंग आपोआप सरळ होतं. चाकाचं खालचं टोक मागे सरकलं की हा झुकाव कमी होतो. आता गंमत बघा. 800मध्ये अलाइनमेंटवाला फक्त टो बदलू शकतो, म्हणजे टाय रॉड फिरवून चाकांची तोंडं आत-बाहेर करू शकतो. कॅस्टर बदलायची सोयच या गाडीत नाही. तो त्या रबराच्या जिवावर उभा आहे. गुरुजींच्या फाइलमधल्या सगळ्या पावत्या खऱ्या होत्या. मशिनवर गाडी उभी असताना आकडे बरोबर दाखवले गेले असणार. ब्रेक लावलेली गाडी मशिनवर कोणी मोजत नाही.

मग प्रश्न राहिला की उजवीकडचं रबर डावीकडच्यापेक्षा इतकं का गेलं. दोन्ही एकाच दिवशी बसलेली, एकाच रस्त्यावर चाललेली. टॉमीचा दांडा घालून रबर थोडं दाबून पाहिलं. डावं कडक, वरून बारीक चिरा, वयाने गेलेलं. उजवं मऊ, फुगलेलं, बोटाला काळं लागणारं. त्याच्या वर बघितलं तर ड्राइव्ह शाफ्टच्या ऑइल सीलमधून गिअर ऑइल झिरपत होतं आणि आर्मवरून ओघळत नेमकं तिथे पोचत होतं. सील तसंच ठेवून नवे बुश घातले असते तर वर्षभरात गुरुजी परत आले असते, आणि बुशच्या कंपनीला शिव्या बसल्या असत्या. त्यांनी तीन तक्रारी सांगितल्या होत्या, तेलाची नाही. तेल गळतं हे जुन्या गाडीवाल्यांना तक्रार वाटतच नाही.

काम दुसऱ्या दिवशी घेतलं, कारण आर्मच्या आतल्या बोल्टांना रात्रभर डिझेल पाजायचं होतं. या कामात वेळ खाणारी जागा ही. गगनबावड्याच्या पावसात वर्षानुवर्षं भिजलेला बोल्ट आतल्या नळीला गंजून धरतो. नट सुटतो, बोल्ट फिरतोही, पण त्याच्याबरोबर नळी फिरते आणि बाहेर काही येत नाही. जोर केला तर बोल्टाची मान तुटते, आणि मग गॅस कटिंग आलं, जळक्या रबराचा धूर आला आणि ब्रॅकेट वाकायची भीती आली. डिझेल, वाट बघणं, दोन्ही दिशांना थोडं थोडं फिरवणं, बस. डावा बोल्ट सकाळी सुटला. उजवा तेलात राहिल्यामुळे आधीच सुटा होता. त्या गळतीने तेवढी एकच सेवा केली होती.

एक गोष्ट रागाने लिहितो. गाडीखाली नुसत्या जॅकच्या भरवशावर जाऊ नका. घरी स्वतः काम करणारे हौशी लोक वाढलेत, ते चांगलंच आहे, पण जॅक उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नाही. खाली लोखंडी घोडी लावा. विटा आणि दगड नकोत, वीट एका क्षणात फुटते.

चाक काढलं, स्प्लिट पिना ओढल्या, कॅसल नट सोडले, चाकाच्या नकलमधला बोल्ट काढून बॉल जॉइंट मोकळा केला आणि आर्म हातात आला. वॉशर कसे बसले होते त्याचा फोटो आधी काढून ठेवला होता. ते खोलगट असतात, उलटे बसले तर त्यांची कड रबरात घुसते. आर्म हातात आल्यावर बॉल जॉइंटही तपासला. या गाडीत तो आर्मबरोबरच येतो, तो गेला असता तर नुसता बुश बदलण्यात अर्थ नव्हता, आर्मच नवा घ्यावा लागला असता. तो घट्ट होता.

जुना बुश ठोकून काढता येतो, पण हातोड्याने आर्मचं भोक लंबगोल होण्याची भीती असते, आणि मग नवा बुश कधीच घट्ट बसत नाही. उद्यमनगर शेजारी असण्याचा फायदा इथे होतो. तिथल्या एका लेथवाल्याकडून मी फार पूर्वी दोन टप्प्यांचा एक ठोकळा आणि त्याला जुळणारी जाड नळी करून घेतली आहे. ठोकळ्याचा लहान टप्पा आतल्या नळीत बसतो, मोठा बाहेरच्या नळीच्या कडेवर. व्हाइसमध्ये धरून हळूहळू आवळलं की बुश सरळ बाहेर येतो आणि नवा त्याच वाटेने आत जातो. ज्यांच्याकडे असा ठोकळा नाही त्यांनी लांब बोल्ट, दोन जाड वॉशर आणि मापाचा पाइपचा तुकडा घेऊन तेच करावं. बुश हट्टाने अडला तर हॅकसॉचं पातं आतून घालून बाहेरची नळी एका जागी चिरायची, पण आर्मला पातं लागता कामा नये. भोकातला गंज पॉलिश पेपरने काढायचा. बसवताना रबराला साबणाचं पाणी लावायचं. साबण सुकून जातो, तेल राहतं.

नवे बुश मूळ कंपनीचे घेतले. 1983च्या डिसेंबरपासून 2014च्या जानेवारीपर्यंत ही गाडी बनत होती, रस्त्यावर अजून भरपूर आहेत, त्यामुळे माल मिळतो. नकलीही मिळतो, निम्म्या किमतीत. तो नखाने दाबला तर खूण उमटून तशीच राहते. पॉलियुरेथेनचे लाल-पिवळे बुशही आता विचारतात लोक. तेलाला ते दाद देत नाहीत, टिकतातही, पण रस्त्याचा प्रत्येक दाणा सीटपर्यंत पोचवतात आणि वेळोवेळी सिलिकॉन ग्रीस मागतात. शर्यतीच्या गाडीला ठीक. गुरुजींच्या कंबरेला नाही.

ड्राइव्ह शाफ्टचं सील बदललं, आर्म परत बसवले, दोन्ही बाजूंचे बुश, सळीच्या टोकांची रबरं, सळीला बॉडीशी धरणाऱ्या क्लॅम्पमधली रबरंही नवी. एका बाजूची बदलून दुसरी तशीच ठेवायची नाही, नाहीतर गाडी आता डावीकडे ओढेल.

आणि आता ती जागा, जिथे नवे बुश पहिल्याच दिवशी मारले जातात. गाडी घोड्यांवर आहे, चाकं लोंबकळताहेत, आर्म खाली झुकलेला आहे, पाना हातात आहे. नट समोर आहे. कोणीही तो आवळून टाकेल. पण आवळला की आतली नळी ब्रॅकेटला पक्की होते, आणि रबर त्या झुकलेल्या स्थितीलाच आपली सरळ स्थिती समजतं. मग गाडी खाली उतरवली की आर्म वर येतो आणि रबर पिळतं. गाडी उभी आहे, कोणी चालवत नाही, तरी रबर मान वाकडी करून झोपलेल्या माणसासारखं रात्रंदिवस ताणात. त्यात खड्डा आला की आणखी पिळणार. काही महिन्यांत ते चिकटलेल्या जागेवरून सुटतं, आणि गिऱ्हाईक म्हणतं, माल खराब होता. मी उघडलेल्या कित्येक "खराब" बुशमध्ये रबर चांगलं होतं, एकाच बाजूने फाटलेलं होतं. दोन खांबांची लिफ्ट गॅरेजोगॅरेजी आल्यापासून हे वाढलं आहे, कारण तिथे गाडी नेहमी लोंबकळतच असते आणि कामगाराला सगळं उभ्या उभ्या आवळून मोकळं व्हायचं असतं.

म्हणून नट हाताने बसवायचे, वॉशर लागेपर्यंत, पुढे नाही. चाकं चढवायची, गाडी जमिनीवर घ्यायची, पुढून दोन-चार वेळा दाबून सोडायची, थोडी पुढे-मागे ढकलायची म्हणजे चाकं आपल्या जागी बसतात. मग पिटमध्ये उतरून आर्मचे नट टॉर्क रेंचने नेमून दिलेल्या ताणाला आवळायचे. सळीच्या टोकाचे कॅसल नटही तेव्हाच, मोजून. ते जास्त आवळले तर रबर चेपून बाहेर फुगतं आणि त्याचं काम संपतं. स्प्लिट पिन नवी. जुनी सरळ करून पुन्हा घालणाऱ्याला मी गॅरेजात ठेवत नाही.

ट्रायलला गुरुजी स्वतः बसले, स्टेअरिंगवर. फुलेवाडीच्या पुढे रस्ता मोकळा मिळाला तिथे त्यांनी ब्रेक दाबला. टक् नाही. हात थोडे ढिले केले, गाडी सरळ थांबली. परत येताना वळणावर स्टेअरिंग त्यांच्या तळव्यातून सुळकन फिरत सरळ झालं. "हां," एवढंच म्हणाले, आणि मग लगेच मजुरीवर घासाघीस सुरू केली. त्यांना मी अलाइनमेंटला पाठवलं, या वेळी खरंच गरज होती, कारण बुश बदलले की टो हलतो. आणि थोडं चालवून झाल्यावर नट पुन्हा तपासायला या म्हणून सांगितलं. ते आले. बहुतेक येत नाहीत.

तुमच्याकडे जुनी गाडी असेल आणि मेकॅनिक म्हणाला की बुश गेलेत, तर दोन गोष्टी करा. कुठला बुश आणि तो किती हलतोय ते ब्रेक लावून दाखवायला सांगा. दाखवता येत नसेल तर पैसे खिशात ठेवा. आणि काम चालू असताना एकदा जाऊन बघा की आर्मचे नट आवळताना गाडी चाकांवर उभी आहे का. उभी असेल तर मजुरीत घासाघीस करू नका.